दादाची किडनी, मितूचा गोवर

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, असे आठवड्यातले तीन दिवस मी डायलिसिससाठी कोडोलीहून कोल्हापूरला येते. चार तास मशीनला जोडलेली असते. शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडच्या एक काकू असतात. परवा त्यांनी विचारलं, "तुझी किडनी जन्मापास्नंच खराब व्हती काय गं?"

"न्हाय काकू. माझ्या दोन्ही बिघडल्या, मग भावानं त्याची एक दिली. ती सहा वर्षं चालली. मग गोवरात गेली."

"गोवरात?" काकू हसल्या. "एवढ्या मोठ्या बाईला गोवर?"

मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हसणं आवरलं. त्यांना पुढचं सांगायला मला तिथं जमलं नाही. मी पोस्टात काम करते. माझं लिहिणं म्हणजे लोकांचे फॉर्म भरून देणं, एवढंच. पण जे काकूंना सांगता आलं नाही ते इथं लिहिते. कुणाच्या घरात आमच्यासारखं काही चाललं असेल, आणि एखादी बाई माझ्यासारखीच गप्प बसलेली असेल, तर तिनं हे वाचावं.

*

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. आमचं माहेर हातकणंगल्याला. तिथं दादा, वैशाली वहिनी आणि आई राहतात. दादा शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवतो. लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उमटवायला लाकडाचा जो हुबेहूब नमुना लागतो, तो तासायचं काम. त्याच्या हातात फार सफाई आहे.

तेहतिसाव्या वर्षी माझ्या किडन्या बंद पडल्या. माझे मिस्टर, प्रकाश, त्यांचा रक्तगट जुळला नाही. आईला शुगर. दादा पाळी संपवून तसाच दवाखान्यात आला. हातावरच्या केसांत लाकडाचा भुसा होता. डॉक्टर त्याला धोके समजावून सांगायला लागले, तर हा म्हणतो, "माझी घ्या. दोन हायत की."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी भिंतीला धरत धरत तो माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आला होता. पोटावर हात ठेवून त्यानं मला खुणेनं विचारलं, चालतीय काय? मी मान डोलावली. त्या क्षणाएवढं प्रेम मला पुन्हा कुणी दिलेलं नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा. मीही ठेवते.

*

त्याच्या दोन वर्षं आधी दादाचा पहिला मुलगा गेला होता. सिद्धार्थ. साडेतीन महिन्यांचा. मंगळवारी आरोग्य केंद्रात त्याला डोस दिला. गुरुवारी सकाळी दूध पिता पिता बाळ निळं पडलं. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बाळाच्या हृदयाला जन्मापासूनच मोठं छिद्र होतं, ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, लसीचा याच्याशी संबंध नाही. तसं कागदावरही लिहून दिलं.

दादानं तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "मंगळवारी सुई, गुरुवारी पोरगं गेलं. आता ह्यात वाचायचं काय हाय?"

डॉक्टरांच्या दारात रांग होती. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, तेही निम्मं इंग्रजीत. नंतर घरी येऊन कुणी दादाजवळ तासभर बसलं असतं, छिद्र म्हणजे काय, ते कसं कळतं, का कळलं नाही, असं त्याच्या भाषेत सांगितलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं. कुणी आलं नाही. आम्हीसुद्धा ते नाव काढलं की दादा उठून जायचा म्हणून बोलायचं सोडून दिलं.

मला किडनी दिल्यानंतर वर्षभरात मितूचा जन्म झाला. खरं नाव संघमित्रा. दादानं घरात सांगितलं, हिला सुई लावायची नाही. सुरुवातीला ते एका बापाचं भय होतं. मग त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले. कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये त्याला घेतलं गेलं. तिथं त्याला त्याच्यासारखी दुखावलेली माणसं भेटली असतील, आणि त्या दुखण्याचा फायदा घेणारीही. दोनेक वर्षांत त्या भयाचं मत झालं. फौंड्रीत चहाच्या वेळेला तो पोरांना सांगायला लागला की तुमच्या बाळांना टोचू नका. पंधरा वर्षांचा एक मित्र त्यावरून त्याच्याशी भांडून तुटला.

*

मला मूलबाळ नाही. मितू चालायला लागली तशी मला चिकटली. शनिवारी दुपारी पोस्ट सुटलं की मी हातकणंगल्याची वाट धरायची. आत्ती आली, आत्ती आली, असं ओरडत ती कोपऱ्यापर्यंत यायची.

किडनी बदललेल्या माणसाला जन्मभर गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी ठेवावी लागते, नाहीतर शरीर परक्या किडनीवरच उलटतं. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "काही लसी तुम्हाला आता देता येणार नाहीत. तुमच्या आजूबाजूच्यांच्या लसी झालेल्या असणं, हीच तुमची लस."

हे वाक्य मी दादाला कधीच सांगितलं नाही.

वहिनी एकदा मोरीत भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा की ह्यांना. माझं न्हाय ऐकत. तुमचं ऐकतील."

"बघू," मी म्हटलं.

काय बघणार होते? त्याचा अवयव पोटात घालून मी त्याला कसं सांगणार की तू चुकतोयस? ज्यानं एका शब्दात स्वतःचं पोट कापू दिलं, त्याच्या पोराच्या मरणाबद्दल त्याच्याशी वाद घालायचा? मला ते कृतघ्नपणाचं वाटायचं.

कोडोलीत माझ्या शेजारी रुबिना राहते. ती आशा कार्यकर्ती आहे. घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि बाळांची नोंद ठेवते, लसीच्या दिवशी आयांना गोळा करून आणते. आमची अगदी घट्ट मैत्री. तिला मी बोलता बोलता मितूचं सांगून बसले. ती हातातलं काम सोडून उठली.

"सुजाता, त्या पोरीसाठी न्हाय तर सोतासाठी तरी बोल की. तुला कळतंय काय, तुला काय हुईल ते?"

"तू आमच्या घरात नाक खुपसू नको," मी म्हटलं. "भाऊ माझा हाय. त्याचं काय गेलंय ते तुला म्हाईत न्हाय."

वर्षभर आम्ही बोललो नाही. मधे एक कमरेएवढी भिंत. दोघी कपडे वाळत घालायचो, तोंडं दोन दिशांना.

आणि एक गोष्ट तर मी कुणालाच सांगितली नव्हती. मितू तीन वर्षांची असताना मी माहेरी होते, तेव्हा गोवराच्या लसीसाठी नर्सबाई यादी घेऊन दारात आल्या. दादा म्हणाला, "झालंय सगळं. खाजगीत केलंय." नर्सबाईंना ते पटलं नसावं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय ताई?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यांनी यादीवर खूण केली आणि पुढच्या घरी गेल्या.

*

मितू पाच वर्षांची झाली त्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला मी माहेरी गेले. मितूला पांढरा फ्रॉक आणि निळी रिबीन. सकाळपासून नाक वाहत होतं. डोळे लाल. अंग कोमट लागत होतं. बाहेर मी नेहमी मास्क लावते, पण मितूला तो चालत नसे. "आत्ती, तोंड दाव," म्हणून ती तो ओढून काढायची. मिरवणूक येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपली. झोपेत खोकत होती. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. पोरीला ताप आहे, हे मला कळत होतं. तिला खाली ठेवायला पाहिजे, हेही कळत होतं. ठेवलं नाही.

नऊ दिवसांनी दुपारी वहिनीचा फोन आला. परसात जाऊन हळू आवाजात बोलत होती.

"ताई, मितूच्या अंगावर उठलंय. सहा दिस झालं. हे म्हणत्यात उष्णता हाय. पर शेजारची म्हातारी म्हणती, गोवर हाय. तुमी त्या दिशी तिला घिऊन बसलावता न्हवं का? मला न्हाय राहावलं."

मी लगेच दादाला लावला. "दादा, मितूला गोवर हाय काय?"

"कुणी सांगितलं तुला? ऊन बघ की किती पडलंय. घामोळ्यागत उठलंय. बरी हाय ती, खेळतीय. तू ताण घिऊ नको."

मी ताण घेतला नाही. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. पुढं डॉक्टर म्हणाले, लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तुम्ही आला असता तर एक इंजेक्शन देऊन जोर कमी करता आला असता. दादाला हे माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मला ताप आला.

*

निदानाचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आमच्या किडनीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत मी दोन तास बाकावर बसले होते. आजूबाजूला माझ्यासारखेच, किडनी बदललेले लोक. खोकला थांबत नव्हता. उजेड डोळ्यांत टोचत होता. आत गेल्यावर डॉक्टरांनी माझ्या तोंडात बॅटरी धरली. गालाच्या आतल्या बाजूला बराच वेळ बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून उठले आणि दार लावून घेतलं.

"लहानपणी गोवर झाला होता?"

"आई म्हणते, नाही."

"लस?"

"माहीत नाही."

"इतक्यात कुठल्या आजारी मुलाजवळ गेला होता?"

"भाचीजवळ. भावाची मुलगी."

"तिची लस झालेली आहे?"

माझ्या तोंडातून निघालं, "हो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "ताई, मला खरं कळायला पाहिजे. बाहेर आत्ता तुमच्यासारखे दहा पेशंट बसलेत."

तेव्हा मला ती बाकं दिसली. माझ्या उजव्या हाताला बसलेली कॉलेजातली मुलगी दिसली. तिला तिच्या बापानं किडनी दिलेली होती, तसं ती मला सांगत होती.

"नाही," मी म्हटलं. "तिला एकही लस दिलेली नाही."

प्रकाश माझ्या मागं उभे होते. "न्हाई म्हंजे?" त्यांनी विचारलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पाच वर्षं नवऱ्यापासूनही लपवलं होतं. ते रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेरच्या सगळ्या पेशंटना, घरी गेलेल्यांनाही परत बोलावून, त्याच दिवशी गोवर रोखायचं औषध दिलं. कुणालाही गोवर झाला नाही. एवढी दया झाली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी इतकी रडले की सिस्टरना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

*

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडकीला चादर बांधलेली. तोंडभर फोड, घोटभर पाणी गिळणं म्हणजे खडे गिळणं. सकाळी सहाला रक्त, सातला एक्स-रेचं मशीन ढकलत आणणार, मग डॉक्टरांची फेरी, तीही दारातून. आत येणारी सगळी माणसं झाकलेली. डोळे तेवढे दिसायचे. मी डोळ्यांवरून माणसं ओळखायला शिकले.

एक सिस्टर नेसरीची होती. ती सगळ्यांत जास्त वेळ थांबायची. "मला झालाय ल्हानपणी, मला काय हुतंय," असं म्हणत चमच्यानं पेज भरवायची. एक दिवस तिनं माझ्या केसांचा गुंता सोडवला. तासभर लागला. कुणी इतका वेळ आपल्याला हात लावून बसावं, ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती!

मग छातीत न्यूमोनिया उतरला. श्वास पुरेना. घशात श्वासाची नळी घालण्याआधी डॉक्टर प्रकाशना दाराबाहेर काय सांगत होते ते मला ऐकू येत होतं. गोळ्या चालू ठेवल्या तर आजार जीव घेईल. गोळ्या थांबवल्या तर जीव वाचायची आशा आहे, पण शरीर किडनीवर उलटेल.

प्रकाश म्हणाले, "ती राहू दे. किडनी गेली तर जाऊ दे."

त्यांनी सही केली. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.

शुद्धीत आले तेव्हा किती दिवस गेले होते ते कळेना. कुणी काही सांगायच्या आधी मी खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी बघितली. कोरडी. पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथं दादाची किडनी होती, तिथं मी हात ठेवला. तो भाग सुजला होता आणि दुखत होता. सहा वर्षं तिनं एक दिवस कुरकुर केली नव्हती. मला तिची माफी मागाविशी वाटली.

*

दादा आईला घेऊन आला तेव्हा माझी नळी निघून दोन दिवस झाले होते. आवाज फुटत नव्हता. दार किलकिलं होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

प्रकाश म्हणाले, "आता कशाला आलास?"

"भैन हाय माझी."

"भैन हाय, तर पोरीला गोवर हाय म्हणून सांगाय काय झालतं? उष्णता म्हणं! एक सुई टोचली असती पोरीला, तर आज ही हितं नसती."

"सुई टोचली म्हणून माझा एक गेलाय!" दादा ओरडला. "त्येचं कुणाला काय हाय? तुमाला काय म्हाईत, हातात पोरगं गार पडतंय म्हंजे काय ते?"

"त्येचं हृदय खराब हुतं मिलिंद. डॉक्टरांनी कागदावर लिवून दिलंय तुला."

"आणि माझी किडनी? चांगली ठणठणीत दिलती. तुमाला सांभाळता आली न्हाय, त्येचं खापर माझ्या पोरीवर फोडताय व्हय?"

मग आईचा आवाज आला. "बास करा रं. ती ऐकतीया. बास करा."

दादा आत आला नाही. दाराच्या फटीतून मला त्याचा खांदा दिसला, मग तोही दिसेनासा झाला. तुमाला सांभाळता आली न्हाय. ते वाक्य प्रकाशना उद्देशून होतं, असं आई नंतर खूपदा म्हणाली. पण किडनी माझ्या पोटात होती.

आई त्यानंतर एकटी एसटीनं यायची. खाटेच्या कडेला बसून पदराचं टोक पिळत राहायची. एकदा म्हणाली, "मी कुणाकडनं बोलू गं, सुजा? तुझ्याकडनं बोललं की त्यो जेवत न्हाई. त्येच्याकडनं बोलाय जीभ वळत न्हाई. मितू सारखं इचारतीया, आत्ती कधी येणार. मी काय सांगू?"

मी आईला काहीच सांगितलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना गप्प बसायची सवय लागली होती. त्यात मी सगळ्यांत पुढं.

*

दीड महिन्यानं घरी आले. वजन इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पहिल्याच दिवशी रुबिना भिंतीपलीकडून न येता दारातून आली. हातात डबा. बिनमिठाची, डायलिसिसवाल्याला चालेल अशी दुधी भोपळ्याची भाजी. त्यासाठी तिनं दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना फोन करून विचारलं होतं.

"रुबिना, मी तुला..." मी सुरुवात केली.

"जेव आधी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मीच त्या दिवशी सोडाय नगं हुतं. तू हाकललीस म्हणून मी गेले. जायला नगं हुतं."

गावात तऱ्हेतऱ्हेचं बोलणं चाललं होतं. पोस्टात आलेला एक ओळखीचा माणूस खिडकीतून म्हणाला, गोवर काय, देवीचा कोप असतोय. दुसरी एक म्हणाली, भावानं एवढं दिलं आणि तुमी त्याच्यावर आळ घेताय. बदली माणूस म्हणून आलेला पोस्टातला शिकलेला मुलगा मला समजावत होता की रुबिनासारख्यांच्या वस्तीतच लोक लस घेत नाहीत. मी त्याला म्हटलं, रुबिनाच्या गल्लीत एकही बाळ सुटलेलं नाही. सुटलं ते माझ्या भावाच्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या, डिप्लोमा केलेल्या माणसाच्या घरात.

आणि मग तो मेसेज आला. एका मावसभावानं मला पाठवला. दादानं कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता. मितूचा फोटो, हसरा, एक दात पडलेला. खाली लिहिलं होतं, माझ्या मुलीला गोवर झाला, एकही लस न घेता ती आपोआप बरी झाली, घाबरू नका. त्याच्याखाली लोकांनी टाकलेले अंगठेच अंगठे.

माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

प्रकाशनी तो वाचला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "त्याच्या उंबऱ्याला मी पाय लावणार न्हाई. तुझं तू ठरीव." मी त्यांना अडवलं नाही. त्यांनी माझ्यासाठी रात्रंदिवस उशाशी काढले होते.

मी दादाला एक लांबलचक पत्र लिहिलं. नर्सबाईंना मी खोटं सांगितलं होतं तेही लिहिलं, डॉक्टरांचं ते 'हीच तुमची लस' हे वाक्य लिहिलं. तुझं काही चुकलं असेल तर माझंही चुकलंय, असं लिहिलं. पोस्टातल्याच माणसानं ते पत्र स्वतःच्या हातानं टाकलं, पोचल्याचंही मला कळलं. उत्तर आलं नाही.

*

पावसाळ्यात वहिनीचा फोन आला. या खेपेला ती परसात जाऊन बोलत नव्हती. मागं घरातली भांडी वाजत होती.

"ताई, मी मितूला घिऊन केंद्रात गेलते. राहिलेल्या सुया चालू केल्यात."

"दादा?"

"ह्यांना सांगूनच गेलते. उंबऱ्यात आडवे हुबारले. मी म्हटलं, सिद्धार्थची मी पण आई हाय. त्यो तुमच्या एकट्याचा न्हवता. मग बाजूला झाले. चार दिस बोलले न्हाईत. मी पण न्हाय बोलले."

मी पोस्टात नोकरी करणारी, दहा लोकांचे फॉर्म भरून देणारी, मला पाच वर्षांत जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं होतं. त्याची झळ मात्र तिच्या एकटीला बसत होती. मी फोनवर नुसती "वहिनी, वहिनी" करत राहिले.

*

मितूला आजारपणानंतर मी बघितलं नव्हतं. वर्ष होऊन गेलं. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला राहवेना. रविवारी दादा कामावर असतो, असं वहिनीनं सांगितलं. प्रकाश मोटारसायकलवरून घेऊन आले. ते कोपऱ्यावरच थांबले, झाडाखाली.

आईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी तिच्याजवळ बसले. आतल्या दारात मितू उभी होती. उंच झालेली. धावत आली नाही. बऱ्याच वेळानं माझ्या बाजूला येऊन टेकली. माझा डावा हात तिच्या समोर होता. डायलिसिससाठी तिथल्या शिरा जोडून फुगवलेल्या आहेत. त्याला फिस्टुला म्हणतात. हात लावला की आत घरघर लागते. तिनं बोट ठेवलं आणि दचकली.

"आत्ती, हातात मांजर हाय काय?"

"व्हय. दिसत न्हाई, नुसतं गुरगुरतंय."

तिनं कान लावला. हसली. मग कान तसाच ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्ती, हे माझ्यामुळं झालं काय?"

आईनं मान वळवली. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली. तिला कुणी सांगितलं होतं, कुणाचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं, देव जाणे. सहा वर्षांची पोर हे घेऊन किती दिवस फिरत होती!

"कोण म्हणलं तुला? तुझ्यामुळं न्हाई," मी म्हटलं. "तू आजारी हुतीस. आजारी पोराचं काय चुकत नसतंय."

"मग कुणामुळं?"

मी तोंड उघडलं आणि मला दिसलं, बाहेरच्या दारात दादा उभा होता. त्याला त्या दिवशी लवकर सोडलं असावं. हातात जेवणाचा डबा. केस पांढरे झाले होते, कानांच्या वर पूर्ण. किती वेळ उभा होता, माहीत नाही.

मी त्याच्याकडं बघत मितूला म्हटलं, "मोठ्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं टाळलं, म्हणून. त्यात मी पण हाय."

दादानं डबा खाली ठेवला. चपला काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मितू माझा हात घट्ट दाबून धरून बसली होती, घरघर ऐकायला.

मग तो तसाच खाली बघत म्हणाला, "मितू, आत्तीचा हात सोड. दुखंल तिला."

"न्हाई दुखत, दादा," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. घराच्या कडेनं तो परसात गेला. मोरीवरचा नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी निघेपर्यंत चालूच होता. आई म्हणाली, "थांब जरा, येईल." मी अर्धा तास थांबले. वहिनी एकदा मागं जाऊन आली आणि तिनं माझ्याकडं बघून नाही म्हणून मान हलवली.

कोपऱ्यावर प्रकाशनी गाडी चालू केली. मी मागं बसले.

"आलेला दिसतोय. बघितलं मी," ते म्हणाले. "बोलला काय?"

"मितूशी बोलला," मी म्हटलं.